चार बोटं डावीकडे

एइमांतास माझ्या कपाळाला पट्टा बांधतो,
पट्ट्याला छोटा लाल दिवा.
समोरच्या भिंतीवर कागद: वर्तुळात वर्तुळ, त्यात अजून एक.
"ठिपका मधोमध आणा. आता डोळे मिटा.
मान उजवीकडे. हळू.
आता परत, निघालात तिथे."
मी परत येते. अगदी खात्रीने.
डोळे उघडते, तर ठिपका
चार बोटं डावीकडे,
कॅलेंडरवरच्या करकोच्याच्या पायावर.

मी हसते. तो वहीत आकडा लिहितो.

पोरा, तुला ठाऊक नाही कोणाचं माप घेतोयस.
क्लाइपेदाच्या धक्क्यावर सव्वीस वर्षं
चाळीस मीटर उंच खोलीत बसून
दोन पायांमधल्या काचेतून खाली बघत
मी तीस-तीस टनांचे कंटेनर उतरवले,
धुक्यात, वाऱ्यात, उणे अठरात,
निजलेल्या मुलावर पांघरूण टाकावं तसे.
आणि हे माझंच डोकं,
फार तर पाच किलोचं,
जागेवर ठेवता येऊ नये?

मान मोडून काम केलं म्हणतात,
ते मी शब्दशः केलं.

नुसती दुखायची तोवर परवडत होतं.
दुखण्याला जागा असते, वर हात ठेवता येतो.
मग जमीन हलायला लागली.
बाजारात धुरवलेले मासे घेताना
मागून कोणी हाक मारली, "दांगुओले!"
वळले, तर फरशी होडीसारखी कलंडली.
मासेवालीला वाटलं, मी प्यालेय.
मीही हो म्हटलं. सोपं होतं ते.

कान तपासले. ठणठणीत निघाले.

"कवटीच्या तळाशी बारीक स्नायू असतात,"
एइमांतास म्हणाला,
"डोकं कुठे आहे ते मेंदूला कळवत राहतात.
तुमचे थकलेत. चुकीची बातमी देतात."
म्हणजे वायरलेसवरचा नवा पोरगा.
"तसंच," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला.

आता रोज स्पंजावर उभी राहते,
टाचेला अंगठा लावून, डोळे मिटून.
चार सेकंद. मग सात.
मग एका मंगळवारी पुन्हा तीन,
रात्रभर झोप नव्हती.
पाठीवर पडून हनुवटीने 'हो' म्हणायचं,
इतकं हळू की उशीलाही कळू नये.
जन्मभर 'नाही' म्हणत आलेल्या बाईला
हे 'हो' फार जड जातं.

काल ठिपका दीड बोटावर आला.
घरी जाताना बंदराच्या कुंपणाशी थांबले.
सात नंबरची क्रेन. माझी.
तिथून इतकी वर्षं खाली बघितलं,
इथून वर कधी बघितलं नव्हतं.
दिव्याच्या खांबाला एक बोट लावलं,
मान वर केली.

काचेत कोणी तरी ओणवं बसलेलं.
कंटेनर हवेत झुलत होता.
घाई करू नकोस, मी पुटपुटले,
झोका सरू दे.

झोका सरला.
बोट अजून खांबावर होतं का,
ते मी बघितलं नाही.