सोमवारी नेतो

दौलतगंजात माझं शिलाईचं दुकान, वर गच्ची,
साडेआठ फूट बाय अकरा.
उत्तरेच्या भिंतीला पाठ लावून
हा तिथे उभा असतो, तोंड उन्हाकडे.
उभा म्हणजे, उभा केलेला.
वेल म्हणतात खरं, पण ह्याला चढता येत नाही.
ना ताणे, ना आकडे.
नुसता वाढतो, आणि जवळ जे असेल त्याच्यावर रेलतो,
लग्नघरात जागरण झालेल्या मामासारखा.

पुस्तकात नाव निळा चित्रक.
नर्सरीवाला भोगीराम म्हणाला होता,
"दीदी, फूल तो खूब देगा, पर जाड़े में नखरे बहुत."
म्हटलं, माझी सगळी गिऱ्हाइकं तशीच.

तेव्हापासून बांधते आहे.
सुतळी सालीला कापते, तार तर नाहीच नाही,
कातरणंच हवीत, मऊ, ढिली,
आत बोट जाईल एवढी जागा सोडून.
खालून वर वाचलं तर माझी वही आहे ती :
रेणू पागनीसचा मोतिया काठ,
शाळेच्या गॅदरिंगचे अकरा मावळे,
मिसेस भदौरियांच्या मुलीचा लेहंगा, दोनदा उसवलेला,
मंदाताई खासगीवाल्यांचं शेवटचं ब्लाउज.
परवा टेप लावली. सात फूट चार.
छाती नाही, कंबर नाही. फक्त उंची.

फूल निळं, पण मोराचं नाही, शाईचंही नाही.
पांढऱ्या कपड्यांना नीळ देऊन झाल्यावर
बादलीत जे पाणी उरतं,
ओतून टाकायच्या आधी आपण क्षणभर बघतो,
ते.

जानेवारीत इथे धुकं तीन-तीन दिवस उठत नाही.
सुई टोचली तर रक्त दिसल्यावर कळतं.
पाला पडला की ह्याचे कोवळे शेंडे
शिजलेल्या पालकासारखे काळे.
पहिल्या वर्षी गेलाच होता.
कुंडी फेकली नाही ती केवळ कंटाळ्याने.
एप्रिलात, मुळाशी, दोन हिरवे टाके.

पुढच्या थंडीत कपाटातला कोट काढला.
करडा, लोकरीचा, साटीनचं अस्तर.
शिलाई सहाशे, दीडशे जमा.
य. बा. दिघे, जीवाजीगंज.
"सोमवारी नेतो," म्हणाले होते.
सात वर्षांत सोमवार किती येतात, मोजले नाहीत.

बांबूला खांदे बरोबर बसले. बाह्या लोंबत राहिल्या.
रात्री नळ बंद करायला वर गेले की दचकायची :
कुणीतरी ट्रायलला उभं आहे, न बोलता.
सकाळी ऊन आलं की आधी बटणं काढायची,
चहा नंतर.

मार्चमध्ये दिघ्यांची सून आली, पावती घेऊन.
"त्यांच्या डायरीत सापडली."
मी कोट आणला. एक बाजू उडालेली,
कॉलरवर कबुतराचा डाग, पुसूनही राहिलेला.
बाकीचे साडेचारशे मी मागितले नाहीत.
तिनेही काही विचारलं नाही.
बाहीला गेल्या बहराची चिकट बोंडं लागली होती, चार-पाच;
ह्याची खोडच ती, जाणाऱ्याला धरायची.
ती नखाने काढायला लागली,
एक काढलं,
मग तशीच घडी घालून पिशवीत ठेवला.

आता पुन्हा ऑक्टोबर आहे.
कपाटात एक शेरवानी आहे, लग्न मोडलं त्या मुलाची.
जरा आखूड पडेल.
बघू, खाली तुरपाईत दोन बोटं कापड आहे.