टाळूला गूळ

भुसावळच्या यार्डाला लागून आमची शाळा.
मालगाडी सुटली की बाकं थरथरतात
आणि दुसरीतली सगळी पोरं
लिहिता लिहिता डावा तळहात फळीवर ठेवतात.
मान कुणी वर करत नाही.
गाडी गेली की तौसिफ बोटांनी सांगतो, अठ्ठावन्न डबे.
मला कान असून मी कधी मोजले नव्हते.

हर्षाली फिरके, वय साडेसात.
डाव्या कानाचं यंत्र सरकारी, उजव्याचं मामानं घेतलेलं.
'प' तिला दोन दिवसांत आला,
ओठांसमोर कागदाची पट्टी धरली, उडाली, झालं.
'म'साठी तिनं माझ्या नाकाला बोट लावलं
आणि आतली मधमाशी तिला सापडली.
पण ळ.
ळ ओठांवर दिसतच नाही.
तो मागं, अंधारात,
जिभेच्या शेंड्यानं उलटं वळायचं,
छपराला शिवायचं आणि पडायचं.
आरसा धरला, टॉर्च धरली.
विहिरीत वाकून बघावं तशी
ती माझ्या तोंडात बघायची
आणि म्हणायची, केल. केड. के.

मग मी करंगळीनं तिच्या टाळूवर
गुळाचा कण चिकटवला. शोध म्हटलं.
दिवाळीची सुट्टी आली, गेली.
अर्धा किलो गूळ संपला,
मुंगळे फायलींच्या कपाटापर्यंत पोचले,
मुख्याध्यापक म्हणाले, बाई, हा खर्च कशात दाखवू?

एका मंगळवारी, पावणेअकराला, ती म्हणाली,
केळ.
जरा नाकातून, जरा मोठ्यानं. पण ळ.
मी पुन्हा म्हणायला लावलं नाही.
भीती वाटली.

पालकसभेला तिची आई आली,
सावद्याच्या गोडाऊनात केळीचे घड धुणारी,
बोटांवर चिकाचे न निघणारे डाग.
हर्षालीनं ऐकवलं.
आई पदर तोंडाला लावून रडली, मग हसली.
"मॅडम, हे तं आमच्याहून शुद्ध बोलते वं.
आमी तं केयच म्हन्तो."

हर्षाली आईच्या ओठांकडं बघत होती.
मग माझ्या.
मग पुन्हा आईच्या.
उठली, आईच्या गळ्यावर तळहात ठेवला
आणि म्हणाली, केय.
एका दमात. गुळाशिवाय.

मी फैजपूरची.
आमच्या घरी डोया दुखतो, फय पिकतं, पोरं शायेत जातात.
पुण्यात कोर्सला बाई म्हणाल्या होत्या,
तुमच्याकडं केळी पिकतात, ळ नाही पिकत वाटतं?
वर्ग हसला. मीपण हसले.
नंतर होस्टेलच्या न्हाणीघरात, नळ सोडून,
काळा, बाळ, निळा, मुळा,
जीभ दुखेपर्यंत.
त्या वर्षी घरी फोन करणं मी टाळलं.
टाळलं हा शब्द तेव्हा मला
अगदी स्वच्छ येत होता.

तपासणीचा तक्ता समोर आहे.
हर्षाली फिरके. ध्वनी: ळ.
योग्य, अयोग्य, दुसरा ध्वनी वापरते.
तीन चौकोन, एक खूण.
आई गेल्यापासून पेन तसंच उघडं.

बाक थरथरायला लागलं.
मी डावा तळहात ठेवला.
सत्तावीसपर्यंत पोचले असेन,
हर्षालीनं बाही ओढली आणि मोजणं चुकलं.
भूक लागली होती तिला.
केय, म्हणाली.
मग माझ्या तोंडाकडं बघून, सावकाश,
जीभ वळवत,
केळ.

डब्यात दोन होती.