सहावं कार्ड

सहा जणांची सहा कार्डं
फेलिझार्डानं पिठाच्या पिशवीत गुंडाळली,
वरून सुतळी.
"भिजली तर इकडं तोंड दाखवू नकोस."
हसली नाही.

महिन्याला एक जण जातो, सगळ्यांसाठी.
वर्षात दोन खेपा माझ्या वाट्याला;
बाकीचे दहा महिने
माझं आयुष्य दुसऱ्या कुणाच्या तरी पायांनी चालतं.

लुया नदी यंदा जानेवारीतच माजली.
नावाडी झेफेरिनो कुणाला काही विचारत नाही.
नाणी घेतो, पाण्याकडे बघतो.

दवाखान्यात वीज नव्हती.
नर्स लॉरिंदानं टेबल खिडकीपाशी ओढलं,
निळ्या पट्टीनं गोळ्या मोजल्या
पाच-पाचच्या ढिगांनी, ओठ हलवत.
मग थांबली.
"तेतेहून ट्रक आला नाही. पंधरा दिवसांच्याच देते."

पंधरा.
म्हणजे या महिन्यात आणखी एक खेप,
म्हणजे कुणाची तरी खुरपणी बुडणार,
कुणाचं तरी पोर शेजारी झोपणार.
तिच्याशी भांडून गोळ्या वाढत नाहीत,
हे तिलाही ठाऊक,
म्हणून तिनं डोळे वर केले नाहीत.

आणि सप्टेंबरात दिलेलं माझं रक्त?
अजून कुठंतरी प्रवासात आहे.
माझ्याहून जास्त देश पाहिला त्यानं.

सहावं कार्ड बाल्टाझारचं.
नोव्हेंबरात गेला.
चार वर्षं लपवलं, मग गोळ्या सुरू केल्या,
एकही चुकवली नाही, तरी गेला.
लॉरिंदानं लाल पेन पुढे केलं.
"तू मारतेस रेघ, की मी?"
मी कार्ड परत पिशवीत टाकलं.
शहाणपण नव्हतं ते. हात तसाच गेला.

येताना डबे छातीशी घट्ट धरले,
तरी नाव डुलली की आत खुळखुळ.
बाजारात, चर्चच्या बाकावर
हाच आवाज ओळखून माणसं सरकून बसतात.
मी खोकले. पुन्हा खोकले.

झेफेरिनो वल्ह्यावरून नजर न काढता म्हणाला,
"मक्याची सालं कोंब आत.
कोरडी घे, ओली सडतात.
मग वाजत नाहीत."

तीर येईपर्यंत
आम्ही दोघं पाणीच बघत राहिलो.

उतरताना त्यानं नाणी घेतली नाहीत.
"घे," म्हटलं, "पंधरा दिवसांनी परत यायचंय."
तो काही बोलला नाही, नावही हलवेना.
मी वाळूत बसून पिशवी सोडायला घेतली.
सुतळीची गाठ भिजून
गच्च बसली होती.