आणि

सोमवारी सकाळी मार्लिस हाटालाच्या
एकशे बारा निरोपांवर माझं नाव चढलं.
तिला कळा लागल्या दोन आठवडे आधीच.
स्वेटर खुर्चीच्या पाठीवर तसाच,
मगातल्या कॉफीवर साय,
आणि दोन दारं सोडून बसणारा मी, डॉक्टर ट्रेथवी,
निवृत्तीला चौदा महिने उरलेला,
तिच्या माणसांचा उसना राखणदार.

हॅनकॉकमध्ये त्या आठवड्यात बर्फ थांबतच नव्हता.
पुलाच्या खालच्या मजल्यावरून
स्नोमोबाइल गुरगुरत जायच्या,
मी गोळ्या वाढवून देत होतो,
पोटॅशियम बघत होतो,
शाळेच्या दाखल्यावर सही करत होतो.
रोझमेरी पोलकिंगहॉर्नला खोकल्याचं औषध हवं होतं
आणि तिच्या बहिणीलाही,
जी आमची पेशंटच नाही.

दुसऱ्याचे बूट घालून चालावं तसं हे काम.
पाय आत मावतो,
पण टाच जिथे झिजलीय
तिथे आपली टाच पडत नाही.

वायनो केरानेनने आकडे पाठवले होते :
१३८ वर ८२. १४१ वर ८०. ओसरीवर २६ इंच.
मी लिहिलं, ‘रक्तदाब ठीक आहे. तीच गोळी चालू ठेवा.’
पाच मिनिटांत उत्तर :
‘हे कोण बोलतंय?’

मी जुने निरोप उघडले. चोरासारखे नाही,
पण अगदी साव म्हणावं तसेही नाही.
चार वर्षं, दर सोमवारी तो बर्फ मोजतो
आणि ती विचारते, फावडं कोण मारतंय, वायनो?
उन्हाळ्यात तो टोमॅटो मोजतो.
हे कुठल्याही फॉर्मात बसत नाही.
याचे पैसे कुठलीच विमा कंपनी देत नाही.
माझ्या एकतीस वर्षांत
मला कुणी टोमॅटो कळवले नाहीत.

मग, सगळ्यात खाली,
न पाठवलेला एक मसुदा, गुरुवार, चार वाजून दहा.

‘ऑने, रिपोर्ट आलाय.
उद्या सकाळी मी फोन करीन. तेव्हा शेगडीजवळ बस,
मांजराला मांडीवर घे, आणि’

एवढंच.
‘आणि’च्या पुढे काही नाही.
तिथेच मूल यायला निघालं असणार.

रिपोर्ट मी तीनदा वाचला.
फुफ्फुसातला डाग आता नुसता डाग नव्हता.
शुक्रवारची सकाळ फोनाविना गेली होती,
शनिवार, रविवारही.
ऑने निस्काला, वय एकोणऐंशी,
एकटी, घरात जुना तारेचा फोन.

वाक्य पुरं करावं असं वाटलं.
आणि काय?
आणि घाबरू नकोस? मार्लिस असं खोटं लिहिणार नाही.
आणि कुणाला तरी बोलावून घे?
आणि मी आहे?
ती तर नव्हती.

मी दार लावलं, नंबर फिरवला.
सात घंट्यांनी तिने उचलला.
मी नाव सांगितलं, का फोन केला तेही सांगायला लागलो,
तर म्हणाली, ‘थांबा.
मुलगा की मुलगी?’
‘मुलगी,’ मी म्हणालो. ‘सहा पौंड, थोडी जास्तच.’
‘मार्लिस?’
‘बरी आहे. झोपलीय.’
‘नाव?’
‘अजून ठेवलं नाही.’
पलीकडे खुर्ची करकरली.
मांजराला काहीतरी सांगितलं तिने, फिनिश भाषेत.
‘बरं. आता सांगा.
शुक्रवारी फोन आला नाही
तेव्हाच दोन्ही गोष्टी मला कळल्या होत्या.’

मी सांगितलं. तिने दोन प्रश्न विचारले,
दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं
आणि नाही असं मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर नोंद केली, वेळेसकट.
तो मसुदा पुसायचा राहिला;
राहिला म्हणजे राहू दिला.

अजून त्रेसष्ट निरोप होते.
आधी वायनोचा घेतला.
‘मी ट्रेथवी. मार्लिसला मुलगी झाली.
आज ओसरीवर किती? फावडं कोण मारतंय?’

‘एकतीस इंच,’ तो लिहितो,
‘पुतण्या मारतो.
उशीर केलात विचारायला.’