दोन क्रेडिटचं पेव

गुरुवारी साडेअकराला बैठक.
चार ताव चिकटवून केलेला तक्ता,
आठ सत्रं आडवी, विषय उभे,
आणि प्रत्येक चौकोनात पेन्सिलीचा एक आकडा
जो कुणालाच मान्य नाही.

मगदूमबाई म्हणतात, रसायन सहाच्या खाली येणार नाही.
मुलाणीसर म्हणतात, मग आमचा प्रकाश कंदिलावर शिकवा.
वनस्पतिशास्त्राचे कुदळे काहीच म्हणत नाहीत,
आपल्या रकान्यावर कोपर ठेवून बसलेत.
गणित माझं.
तुमचं काय बाई, तुम्ही कुठंही मावता,
असं सगळे म्हणतात,
जशी काही मी मीठ आहे.

प्राचार्यांना माहितीपत्रकावर संगम हवाय:
कृष्णा, वारणा, हरिपूरचा घाट, खाली चार ओळी.
मी म्हटलं, सर, पावसाळ्यात जाऊन बघा,
दोन्ही पाणी किती तरी लांब शेजारून चालतं,
एकमेकांकडं न बघता.
एका पात्रात घातलं म्हणजे मिसळलं, असं नसतं.
त्यांनी ते लिहून घेतलं.
बहुतेक चारातली पहिली ओळ म्हणून.

चहा घेऊन आकाराम आले.
तीस वर्षं प्रयोगशाळेत, राहणार हरिपूर.
तक्त्यावर कप ठेवता ठेवता म्हणाले,
आमचा बा पेवात उतरायचा.
वरनं तोंड एका माणसाएवढं, आत पोट हत्तीचं.
हळद भरायची, पाला, वर माती, वर्ष वर्ष बघायचं नाही.
उघडलं की आधी कंदील सोडायचा,
विझला की माणूस खाली जायचा नाही.
आन् नवं पेव खणलं की बा तोंडाशी वाकून हाक मारायचा.
नुसती हाक.
आवाज ऐकून सांगायचा, एवढी पोती बसत्याल.
चुकला न्हाई कधी. दोन-चार पोती इकडं तिकडं.

कंदील का विझतो, मगदूमबाई खुर्चीत पुढं सरकल्या,
जड हवा तळाशी साचते, हळद श्वास घेते ना.
शिजवलेलं हळकुंड श्वास घेत नाही,
हे कुदळे बोलले.
सकाळपासूनचं पहिलं वाक्य.
मग कोण घेतं?
बुरशी असेल. माती असेल. माती जिवंत असते, बाई.
मुलाणीसर रिकाम्या कपाच्या तोंडावर फुंकर मारत होते,
कप बारीक घुमत होता,
आणि मी तक्त्याच्या मागच्या बाजूला
एक वक्र काढत होते, जो वरून दिसत नाही,
तो अक्षाभोवती फिरवला तर आत किती अंधार मावेल.

पाऊण वाजला. आकडे होते तिथंच.
मी पहिल्या सत्रात एक चौकोन पुसून लिहिलं: पेव.
क्रेडिट दोन. पूर्वअट काही नाही.
विद्यापीठाच्या अर्जात तेरावा रकाना असा:
मूळ विद्याशाखा, कोणतीही एकच निवडा.
आम्ही चौघं त्या रकान्याकडं बघत बसलो.
आकारामनी कप गोळा करताना विचारलं,
मग पोरानं चार वर्सांनी घरी सांगायचं काय,
मी कोण झालो म्हणून?
ह्याला मी अजून उत्तर लिहिलेलं नाही.
अर्जात त्यासाठी जागाही नाही.

रविवारी हरिपुरात गेले.
पुराच्या पाण्यानं बरीच पेवं खचलेली,
एकावर फरशी, एकात कचरा,
एक उरलेलं, तोंडावर गंजका पत्रा.
आकारामनी पत्रा सरकवला.
आधी कंदील. जळत राहिला.
आत अजून हळदीचा वास, जुना, थोडा ओला.
मी वाकले. काय हाक मारायची ते सुचेना,
शेवटी स्वतःचंच नाव घेतलं.
खालून ते जरा जाड होऊन परत आलं,
आणि किती पोती ते मला कळलं नाही.

आकाराम कान देऊन उभे होते.
म्हणाले, परत एकदा.