वेटिंग एकोणीस

भुसावळच्या रेल्वे कोर्टावर
चुन्याची रेघ मारता मारता
मी नेहेते साहेबांना म्हणालो,
पात्रता फेरीला तिकीट नसतं म्हणे.
फायनल काय करायची आपल्याला, भो?

साहेबांनी मागच्या खिशातून
चौघडी घातलेला कागद काढला.
पुण्याची रात्रीची गाडी, वेटिंग एकोणीस.
"होईल कन्फर्म. तेहतीस वर्षं
गाड्या सोडल्यात मी,
एक मला नेणार नाही?"

डबा वहिनींचा : कळण्याची भाकरी, ठेचा,
केळाचे वेफर्स पुण्याच्या भाच्याला.
टोपी त्यांची. छत्री माझी,
ती आत नेऊ देतात का, कुणास ठाऊक.
स्टेशनवरून बालेवाडीची बस.
दोन दिवस कोर्टाला पाणी कोण मारेल,
तेवढं एक ठरेना.

तिथल्या रेघा म्हणे कायमच्या रंगवलेल्या,
सकाळी उठून कुणी वाकत नाही.
"मग चेंडू रेघेवर पडला
तर चुना उडत नाही?"
"नाही."
"मग आत पडला,
हे कळतं कसं?"

साहेबांनी मोबाइल
डोळ्यांपासून लांब धरला.
"सतरा झाली," म्हणाले.