लागून राहिलेला दिवा

अकरा दिवस झाले.
कंसात वर्तुळ, वर्तुळात उद्गारचिन्ह,
लाल, स्पीडच्या काट्याखाली.
जात नाही.

हँडब्रेक पूर्ण खाली आहे. मी दोनदा बघते,
आई मागच्या सीटवरून तिसऱ्यांदा विचारते.
चेंबूर ते सायन, आठवड्यातून तीनदा डायलिसिस,
जाताना दिवा, येताना दिवा.
अवधूत म्हणतो सेन्सर गेला असेल, लक्ष नको देऊ.
खालचे घाग म्हणाले, काळी टेप चिकटव वरून,
माझ्या गाडीला दोन वर्षं आहे.

आई ट्रंक एक्सचेंजला होती, सव्वीस वर्षं.
बोर्डावर दिवा लागला म्हणजे, ती सांगते,
पलीकडे कुणीतरी रिसीव्हर कानाला धरून उभं आहे.
टेप लावणारी माणसं तिला कळत नाहीत.

रविवारी कलिना.
टांगलेल्या बंपरांखाली मुनाफने चावी फिरवली,
सगळे दिवे एकदम लागले,
एकेक विझला, हा उरला.
बरंय, म्हणाला, बल्ब तरी जिवंत आहे.

हा एकच दिवा, ताई, दोघांच्या तक्रारी सांगतो.
एक इथली (त्याने लिव्हर थोपटला),
एक बॉनेटखालची.
आवाज दोघांचा सारखाच.

पार्टी लाइन, आई मागून म्हणाली.

त्याने लिव्हरचं रबर उचललं.
आत एक रुपयाचं नाणं, संत्र्याच्या गोळीचा कागद,
आणि नखाएवढा स्विच.
पिन उपटली. दिवा तसाच.
वायर पार मागेपर्यंत बोटांनी चाचपली,
आमच्याकडचे उंदीर, म्हणाला, तांबंच खातात.
कुठे कुरतडलेलं नव्हतं. पिन परत लावली.

बॉनेटखाली ब्रेक ऑइलची टाकी
वरच्या रेघेपर्यंत भरलेली.
त्याचा विश्वास बसेना.
पॅड झिजले की तेल खाली जातं,
लोक वरून तेल ओततात आणि दिव्याला गप्प करतात.
तुम्ही ओतलंत?
नाही.
तरी त्याने चाक काढलंच.
पॅड अर्धे शिल्लक होते.

मग टाकीच्या झाकणावरची पिन काढली,
आणि दिवा गेला.
मी एवढ्या जोराने श्वास सोडला
की तो हसला. तार काढली म्हणून गेला, ताई,
हा काही इलाज नाही.

झाकण फिरवून वर घेतलं,
दांडीच्या टोकाला सुपारीएवढा फ्लोट.
फडक्यावर ठेवला तर ठप्पकन बसला.
तेल पिऊन पिऊन जड झालेला.
तरंगायचं, एवढंच ज्याला काम,
तो भरल्या टाकीत तळाला जाऊन
संपलं, संपलं, सांगत होता.

मी आईकडे बघितलं नाही.
घरी दोन सिलिंडर असतात.
रात्री ती उठते, अंधारात
दोन्ही हलवून बघते.

नवीन झाकण समोरच्या दुकानातून, तीनशे चाळीस रुपये.
हँडब्रेक ओढा, मुनाफ म्हणाला. लागला.
सोडा. गेला.
परत ओढा.
मी सहा-सात वेळा ओढला, सोडला.
त्याने पैसे मोजून खिशात टाकले तरी
मी ओढतच होते.

कुर्ला डेपोच्या सिग्नलला आईने विचारलं,
गेला?
गेला.
बराच वेळ ती खिडकीबाहेर बघत राहिली,
एक माणूस सायकलवर आरसा घेऊन चालला होता,
त्यात आमची गाडी, तिरकी.

आमचा दिवा दोनच कारणांनी जायचा, ती म्हणाली.
एक तर आपण लाइन जोडून दिली म्हणून.
नाहीतर तिकडच्याने
वाट बघून बघून फोन ठेवला म्हणून.
बोर्डावर दोन्ही सारखंच दिसायचं.

सिग्नल सुटला.
मी हँडब्रेक खाली केला,
काट्याखाली बघितलं,
मागून हॉर्न वाजेपर्यंत.